पानाला लागलेला हात

लातुरात राहून राजकन्या कदम नेमकं काय करते, हे सांगू शकेल असा माणूस हुडकूनही सापडायचा नाही. घरमालकाला वाटतं, ती रक्त तपासते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला वाटतं, माती तपासते. नायगावात राहणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ भारत दर दिवाळीला फोनवर विचारतो, "ताई, तुझं ते खताचं काम कसं चाललंय?" आणि ती म्हणते, "चाललंय." एकदा तिनं नेटानं समजावून सांगायला घेतलं होतं. झाडाच्या अंगातही आपल्यासारखी हार्मोन असतात, पण ती इतकी थोडी असतात की तराजूला कळत नाहीत, ती मी मशीनवर मोजते. भारतनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं बरं. आपली म्हैस व्याली बग परवा." त्यानंतर तिनं तो नाद सोडला.

व्यंकटी कदमांनी पहिल्या लेकीचं नाव हौसेनं राजकन्या ठेवलं आणि हौस बहुधा तिथंच संपली. शिकायला मात्र त्यांनी कधी अडवलं नाही. नांदेडला खोली करून राहून तिनं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. सव्विसाव्या वर्षी एक स्थळ जमता जमता राहिलं, सत्ताविसाव्या वर्षी वडील गेले. मग भारतचं लग्न, त्याची लेकरं, आईचं आजारपण, आईचं जाणं. या सगळ्या धांदलीत राजकन्येच्या लग्नाचा विषय कुणी मुद्दाम टाळला असं नाही, तो काढायचा राहून गेला. तिनंही आठवण करून दिली नाही.

आता ती त्रेचाळीस वर्षांची आहे. शहराबाहेर चाकूरच्या रस्त्याला एक कृषी संशोधन केंद्र आहे, त्याच्या मागच्या इमारतीत मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं मशीन आहे, ते ती चालवते. नेमणूक कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांची, आणि अशी बारा वर्षं झाली. खोली इतकी बंद की बाहेर ऊन आहे की आभाळ, ते कळत नाही. एसी रात्रंदिवस चालू, कारण मशीनला उकाडा सोसत नाही. राजकन्येला गारठा सोसत नाही, पण तिची विचारपूस करायची पद्धत सरकारी कागदात नाही. ती मे महिन्यातही स्वेटर घालून बसते. टेबलाखाली पंप घरघरत असतो. पहिलं वर्षभर त्या आवाजानं तिचं डोकं उठायचं. आता रविवारी खोलीवर तो आवाज नसतो, तेव्हा तिला करमत नाही.

ती राहते ती इमारत डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलींनी भरलेली आहे. क्लाससाठी गावोगावाहून लातूरला आलेल्या. जिन्यात भेटल्या की 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणतात. नळाला पाणी येतं त्या दिवशी टाकीपाशी चार शब्द होतात. परीक्षा झाली की गाद्या गुंडाळून निघून जातात आणि जूनमध्ये दुसऱ्या येतात. पहिली तीन वर्षं राजकन्येनं सगळ्यांची नावं पाठ केली होती. मग कशाला उगाच, असं तिला वाटू लागलं.

तिचं काम समजायला अवघड नाही, फक्त ऐकणारं कुणी पाहिजे. झाडाला अळी लागली, शेंडा मोडला, शेळीचं तोंड लागलं, तर झाडाला ओरडता येत नाही आणि पळताही येत नाही. ते अंगातल्या अंगात एक रसायन वाढवतं. जास्मोनिक आम्ल त्याचं नाव. ते वाढलं की पान अळीला पचेनासं होतं. पण हे रसायन किती, तर ग्रॅमभर पानात अब्जांश ग्रॅमच्या हिशेबानं. वर खोड अशी की पान खुडलं की त्या खुडण्यानंच ते वाढायला लागतं. म्हणून पान खुडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. तो इतका थंड असतो की पान काचेसारखं कडक होतं आणि जे होतं ते तिथंच थांबतं. मग राजकन्या ते पान खलात कुटते, मिथेनॉलमध्ये भिजवते आणि त्यात त्याच रसायनाचं एक जड जुळं भावंड मोजून घालते. वाटेत जेवढं सांडलं, तेवढं भावंडही सांडणार, त्यावरून मूळचं किती होतं ते काढता येतं. शेवटी मशीन प्रत्येक रेणूचं वजन करतं, त्याला फोडतं आणि तुकड्याचं पुन्हा वजन करतं. दोन्ही वजनं जुळली तरच ओळख पटली म्हणायचं. सातव्या मिनिटाला पडद्यावर सुळका उठतो. सुळका जितका मोठा, तितकं झाडाला काहीतरी झालेलं असतं.

त्या हिवाळ्यात काम हरभऱ्याचं होतं. केंद्राचे डॉ. सिद्रामप्पा हलकुडे यांनी सात वर्षं खपून एक नवा वाण तयार केला होता. त्याला घाटे अळी कमी लागते असं त्यांना वाटत होतं, पण वाटण्यावर वाण मंजूर होत नाही. म्हणून नव्या वाणाचे चार आणि जुन्या वाणाचे चार प्लॉट पेरले होते, सरमिसळ करून. दर मंगळवारी सकाळी सातला दोन्हींची पानं खुडायची आणि राजकन्येनं मोजायची.

पानं खुडून आणायचं काम पंचफुलाबाईकडं होतं. साठीची बाई, फार्मवर रोजानं येणारी, फार्मच्या मागच्या वस्तीत एकटी राहणारी. लेक सिंधु शिरूर अनंतपाळला दिलेली. राजकन्येनं तिला हातमोजे घालायला शिकवलं, डब्यावर खुणा करायला शिकवलं, आणि पाच मोजायच्या आत पान बुडालं पाहिजे हे घोकून घेतलं. पंचफुलाबाई नायट्रोजनला 'धुराचं पाणी' म्हणायची. तिचा हात असा झरझर चालायचा की तिला तीनच्या पुढं कधी मोजावं लागलं नाही. डबा घेऊन ती स्वतः रानातून चालत यायची आणि काम झालं तरी लगेच जायची नाही. इमारतीच्या मागच्या पायरीवर दोघी बसायच्या आणि आपापली भाकरी सोडायच्या.

दुसऱ्याच मंगळवारी पंचफुलाबाईनं पाहिलं, की मॅडम चतकोर मोडतात आणि डबा बंद करतात.

"कामून मॅडम? कडू हाय का भाकर?"

"भूकच नसते मावशी. बऱ्याच दिवसांपासून असंच आहे."

"भूक मेली हाय तुझी," पंचफुलाबाईनं निदान केलं, आणि मॅडमची त्या क्षणापासून पोरगी झाली. "एकटीनं खाऊन खाऊन मरती ती. थांब, पुढल्या खेपंला आणते काहीतरी."

पुढच्या खेपेला तिनं पदराआडून एक लहान बाटली काढली. आत पिवळसर पाणी होतं. राजकन्येनं बूच काढलं आणि वासावरूनच ओळखलं. आंब होती, हरभऱ्याच्या पानावर थंडीत साचते ती आंबट-खारट आंब. नायगावच्या घरी देवळीत अशी बाटली कायम असायची. पोट दुखलं, अन्न जाईना झालं की आई दोन चमचे पाण्यात द्यायची. वस्तीतल्या कुणाच्या तरी रानातून आणली असेल, असं राजकन्येला वाटलं. तिनं विचारलं नाही. गेल्या कितीतरी वर्षांत तिच्यासाठी कुणी काही आणलं नव्हतं आणि आणलेल्या वस्तूची चौकशी करणं तिला बरं दिसेना.

त्यानंतर दर मंगळवारी डब्यासोबत बाटली येऊ लागली, आणि भूक खरंच लागू लागली. ती आंबेनं लागली की समोर कुणी बसलं म्हणून लागली, याचं मोजमाप काही राजकन्येनं केलं नाही. सोमवारी संध्याकाळी ती मन लावून चटणी कुटायची. मंगळवारी दोन भाकऱ्या जास्त बांधून घ्यायची. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खं लातूर गाड्या भरून रानात जेवायला जातं आणि शहरात मागं उरतात ती कुलपं आणि राजकन्या. त्या वर्षी पंचफुलाबाई तिला ओढून घेऊन गेली. बांध ओलांडताना म्हातारीनं तिचा हात धरला आणि पलीकडं गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही. राजकन्या भज्जी आणि आंबील घेऊन परत आली, आणि तो हात तिला दोन दिवस आठवत राहिला.

इकडं मशीनवर आनंदीआनंद होता. नव्या वाणाच्या पानात जास्मोनिक आम्ल जुन्याच्या चौपट निघत होतं. एक आठवडा नाही, सलग पाच आठवडे, चारही प्लॉटमध्ये. पहिल्या दोन आठवड्यांत फरक नव्हता, पण तेव्हा रोपं कोवळी होती म्हणून सरांनी ते धरले नव्हते. पानावर अळी नाही, कुठं खरचटलेलं नाही, तरी सुळका उभाच्या उभा. हलकुडे सर दारातूनच विचारायचे, "किती आलं?" आणि आकडा ऐकून हात चोळायचे. म्हणजे हा वाण अळी यायच्या आधीच तयारीनं उभा असतो, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारीच्या अखेरीस वाण मंजुरीची मोठी बैठक होती. तिथं हा तक्ता पडद्यावर लावायचा आणि फवारणीशिवायचा हरभरा म्हणून वाण पुढं करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. वाईट माणूस नव्हता. सात वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला घाई होणारच.

संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी पंचफुलाबाई आली नाही. सिंधुच्या लेकराचं बारसं होतं, ती शिरूरला गेली होती. डबा मुकादम मलप्पानं आणून दिला, टेबलावर आदळला आणि गेला. राजकन्येनं पायरीवर एकटीनं बसून पाहिलं, पण घास काही उतरला नाही. दोन दिवसांनी नमुने मशीनवर चढवले. जुन्या वाणाचा सुळका नेहमीएवढा आला. नव्या वाणाचाही तेवढाच आला.

तिनं पुन्हा चालवलं. जड भावंड जागेवर होतं, कोरा नमुना कोराच होता. मशीनचं काही चुकलेलं नव्हतं.

"मलप्पानं घातला असेल गोंधळ," हलकुडे सर म्हणाले. "तो एक आठवडा सोडून द्या. बाकी पाच आठवडे काय खोटे आहेत का?"

राजकन्या 'हो सर' म्हणाली. पण मलप्पानं गोंधळ घातला असता, तर पान उशिरा बुडून आकडा वाढला असता, घटला नसता. आणि आकडा सोडून देणं तिला जमणारं नव्हतं. तिच्या आयुष्यात ज्याच्यावर बोट ठेवून 'हे माझं' म्हणता येईल असं एकच होतं, ते म्हणजे तिनं काढलेला आकडा. काय वेगळं घडतं ते डोळ्यांनी पाहायचं ठरवून पुढच्या मंगळवारी ती पहिल्या अ‍ॅटोनं फार्मवर आली. उजाडत होतं. रानात धुकं होतं. ती प्लॉटच्या कडेला बाभळीखाली उभी राहिली.

हरभऱ्यात पंचफुलाबाई वाकली होती. दोन्ही हातांत धुतलेलं पांढरं फडकं धरून ती ते झाडांच्या शेंड्यांवरून अलगद ओढत चालली होती. ओळ संपली की फडकं बाटलीत पिळायची. जुन्या वाणाचा प्लॉट लागला तेव्हा तिनं एक पान जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि तो प्लॉट सोडून पुढं गेली. पुढचा नवा वाण होता. तिथं तिनं परत फडकं पसरलं. पाट्या तिला वाचता येत नव्हत्या, पण आंब कोणत्या झाडाला दाट हे तिच्या जिभेला कळत होतं. लेकीसारख्या पोरीच्या पोटासाठी ती निवडून निवडून चांगली आंब गोळा करत होती. तासाभरानं ती त्याच झाडांची पानं खुडणार होती.

राजकन्येला सगळं एका क्षणात उमजलं. पान फाटायची गरज नव्हती. नुसतं ओलं फडकं अंगावरून गेलं तरी झाडाला कळत होतं, आणि तेच ती पाच आठवडे मोजत होती. तिनं पंचफुलाबाईला पानं खुडल्यानंतरचं सगळं शिकवलं होतं. खुडायच्या आधी झाडाला हात लावायचा नाही, हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. हे बाहेर पडलं तर सरांचं वर्ष जाणार होतं, ते जाऊ दे. पंचफुलाबाईला त्या रानात परत कुणी पाऊल टाकू देणार नव्हतं. म्हणजे मंगळवार गेला. हाक मारायला तोंड उघडलं होतं तिनं. पण काय बोलायचं ते सुचलं नाही, आणि ती आली तशी मागं फिरली.

आठ वाजता पंचफुलाबाई डबा आणि बाटली घेऊन आली. "आज लई दाट हाय बग. पी, भूक लागंल." राजकन्येनं आंब घेतली. दोघी पायरीवर बसून जेवल्या. बारशाच्या गोष्टी झाल्या. लेकराचं नाक सिंधुसारखं आहे, हे राजकन्येनं फोटोत पाहून मान्य केलं.

मग तिनं इमारतीच्या मागं नव्या वाणाच्या आठ कुंड्या मांडल्या. आपली जुनी ओढणी भिजवून चार कुंड्यांवरून फिरवली, चार तशाच ठेवल्या. तासानं पानं खुडून बुडवली. चार दिवसांनी परत केलं, आठवड्यानं परत केलं. ओढणी फिरवलेल्यांचा आकडा दरवेळी चौपटीच्या आसपास. एका खेपेतच खात्री पटली होती. पण एका खेपेवर बोलू नये, पुरावा पक्का पाहिजे, असं ती स्वतःला बजावत राहिली. ते निम्मं खरं होतं. निम्मं खरं हे, की तिला अजून एक मंगळवार हवा होता, आणि तो झाल्यावर अजून एक. तो दुसरा मंगळवारही तिनं घेतला, आंबेसकट.

कुंड्यांसमोर उभी असताना तिच्या मनात एक विचार यायचा आणि ती तो झटकायची. नुसत्या फडक्यानं झाडाच्या अंगात एवढा फरक पडतो. येळवसेला बांधावर म्हातारीनं हात धरला तेव्हा आपल्या अंगात काय काय वाढलं असेल? कुणी मोजलं असतं तर केवढा आकडा आला असता? तिला त्याचं हसू यायचं आणि लगेच रडू यायचं, आणि पंपाच्या आवाजात दोन्हीही कुणाला ऐकू जात नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी ती कागद घेऊन हलकुडे सरांकडं गेली आणि सगळं सांगितलं. सरांनी कागद दोनदा पाहिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं नसतं."

"अळीला कळलं असतं सर."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "कोण होतं?" सरांनी विचारलं.

"पंचफुलाबाई. पण त्या माझ्यासाठी करत होत्या. मी त्यांना नीट सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे, तसं लिहून देते मी."

"लिहून काय करायचंय?" सर थकलेल्या आवाजात म्हणाले. "बरं केलंत सांगितलंत. यंदाचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी बघू." मग त्यांनी मलप्पाला फोन लावला. त्या प्लॉटमध्ये उद्यापासून कुणी पाऊल टाकायचं नाही, एवढंच म्हणाले, आणि कारण सांगितलं.

राजकन्येनं ठरवलं होतं की उद्या मंगळवार आहे, पायरीवर बसल्यावर मावशीला आपण स्वतः सांगायचं. शब्दही जुळवून ठेवले होते. पण मंगळवारी कुणी आलं नाही. दहा वाजता ती रानाकडं गेली तेव्हा मलप्पा तारेचे खांब रोवून घेत होता.

"मावशी कुठायत?"

"गेली. सकाळी आली तवाच सांगितलं तिला. समद्या बायांसमोर सांगितलं, म्हंजी बाकीच्याबी हात लावायच्या न्हाईत." मलप्पाला आपलं चोख काम झाल्याचं समाधान होतं. "इळा तितंच टाकला अन् चालू पडली. परत ये म्हणलं खुरपायला, तर वळून बगितलं न्हाई."

रविवारी राजकन्या वस्तीवर गेली. पंचफुलाबाईचं घर रस्त्याला लागूनच होतं, एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. म्हातारीनं सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. आतल्या बाजूला एक पेटी आणि बोचकं बांधून ठेवलेलं होतं.

"मावशी, मी सरांना सांगितलं की चूक माझी आहे."

"तुझी कशाची? माझीच की. मला म्हायत नव्हतं झाडाला कळतंय म्हणून. म्हायत असतं तर फडक्याला शिवले नसते." पंचफुलाबाई चुलीकडं बघत बोलत होती. "मलप्पा बोलला चार बायांत. सायबाचं वरीस खाल्लंस म्हणला. त्याचं न्हाई मला काही, त्याचं तोंडच तसलं हाय." तिनं चुलीत एक काटकी सारली. "तुला कवा कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. सरांकडं गेले त्याच दिवशी कळलं, म्हटलं असतं तरी भागलं असतं. राजकन्येला खोटा आकडा सांगता येत नव्हता.

"संक्रांतीनंतरच्या मंगळवारी. मी पहाटे आले होते. बाभळीखाली उभी होते."

"मी रानात असताना?"

"हो."

"मी दिसत व्हते तुला?"

"हो."

"अन् हाक मारली न्हाईस?"

चहा उतू गेला. पंचफुलाबाईनं उठून पातेलं उतरवलं, चहा दोन कपांत ओतला आणि एक कप राजकन्येपुढं सरकवला. तिच्या हाताला घाई नव्हती.

"त्याच्यानंतर माज्याजवळ बसून जेवलीस. एकदा न्हाई, तीनदा. माज्या हातची आंब घेतलीस."

"घेतली."

"चोर असला तरी माणूस हाक मारतंय की गं पोरी. अगं ए, काय करून राहिलीस म्हणून. मी फडकं टाकून आले असते तुज्याकडं. दोघी मिळून गेलो असतो सायबाकडं."

राजकन्येजवळ उत्तरं होती. पुरावा लागतो, एका खेपेवर बोलता येत नाही, कुंड्या लावाव्या लागल्या. त्यातलं एकही तिनं काढलं नाही.

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या बंद व्हाल म्हणून. मला माणसांशी कसं वागतात ते आता नीट जमत नाही मावशी. सवय गेली."

पंचफुलाबाईनं तिच्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती रागावलेली दिसत नव्हती, दमलेली दिसत होती.

"उद्या सिंधुकडं चालले मी. लेकरू सांबाळायला कुणी न्हाई तिच्याजवळ. आता तिकडंच."

चहा पिऊन झाला. राजकन्या उठली, चपला घातल्या, पडवीच्या बाहेर आली. मागं कप विसळल्याचा आवाज येत होता. समोर रस्ता, त्याच्या पलीकडं थांब्याचं एक कडुलिंबाचं झाड. ती झाडाखाली जाऊन उभी राहिली. उद्यापासून खोली, मशीन, जिन्यातल्या मुली. बारा वर्षं तशीच गेली होती, आणखी बाराही जातील. पण आताच पाठ फिरवून गेलो, तर आपण बाभळीखालून निघालो तसंच झालं, एवढं तिला कळत होतं.

"मावशी!" ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. रस्त्यावरच्या कुत्र्यानं तेवढी मान वर केली.

"मावशी! अहो पंचफुलामावशी!"

या वेळी आवाज मोठा निघाला, तिला स्वतःलाच दचकायला झालं. शेजारच्या घरातून दोन बाया डोकावल्या. पंचफुलाबाई ओल्या हातांनी दारात आली.

"काय ऱ्हायलं गं?"

"काही नाही. नुसती हाक मारली."

म्हातारी चौकटीला धरून उभी राहिली. तिचा चेहरा एवढ्या लांबून नीट दिसत नव्हता.

"लई उशीर केलास पोरी," ती म्हणाली.

पण आत गेली नाही. राजकन्याही हलली नाही. रस्त्याच्या दोन बाजूंना दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग चाकूरकडून एस.टी. आली, थांबली, आणि राजकन्या तिच्यात चढली.